चार बाइटांचा करार

२०२४ च्या फेब्रुवारी अखेरीस डेबियन या लिनक्स वितरणाच्या ‘अनस्टेबल’ शाखेत पॅकेजांना धडाधड शेपट्या फुटू लागल्या. लिबएसएसएल३ चे लिबएसएसएल३टी६४ झाले, लिबकर्ल४ चे लिबकर्ल४टी६४ झाले, लिबग्लिबच्याही मागे टी६४ लागले. अशी शेकडो नावे बदलली. पुढे एप्रिलमध्ये उबुंटूची २४.०४ आवृत्ती आली, तेव्हा पालघर-बोईसरकडे घरी किंवा दुकानात उबुंटू वापरणाऱ्यांच्या यादीतही याच शेपट्या दिसू लागल्या. त्यांच्या ६४-बिट लॅपटॉपवर या बदलासाठी लायब्ऱ्यांच्या आतले काहीच हलले नव्हते. गुंता होता तो ३२-बिट यंत्रांचा, आणि नाव मात्र बदलले सगळ्यांचे.

इतका उपद्व्याप कशासाठी? त्यामागे दोन जुन्या मर्यादा आहेत. पहिली म्हणजे एक फाइल किती मोठी असू शकते, आणि दुसरी म्हणजे संगणकाचे घड्याळ किती पुढे जाऊ शकते. दोन्ही मर्यादा ३२ बिटांच्या, म्हणजे चार बाइटांच्या खणातून आल्या आहेत. तो खण आठ बाइटांचा करायचा, एवढेच काम. पण त्या चार बाइटांच्या भरवशावर हजारो प्रोग्राम आणि लायब्ऱ्या एकमेकांना जोडल्या गेल्या होत्या. खण रुंद केला की कोणता जोड निखळतो हे आधी शोधणे भाग होते. या लेखाचा विषय ती शोधाशोध आहे. आणि तिचा संबंध आमच्या माहीम-पालघर-तारापूर पट्ट्याशी वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

पॅनेलमधले घड्याळ

माहीम म्हणजे मुंबईतले नव्हे. पालघर स्टेशनाबाहेरून रिक्षा पकडून समुद्राकडे गेले की लागते ते, पानवेलींच्या वाड्यांचे आणि केळव्याचे शेजारी माहीम. इथली आणि शिरगाव, सातपाटी, मुरबे या गावांतली तरुण मुले कामाला दोन दिशांना जातात. एक वाट डहाणू लोकलने मुंबईची. दुसरी वाट बोईसरची, म्हणजे तारापूर एमआयडीसीची. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे सगळे त्या वसाहतीत आहे. आणि प्रत्येक कारखान्यात कुठल्या तरी भिंतीला एक राखाडी पॅनेल आहे.

सांडपाण्याच्या ठिकाणचे असे पॅनेल उघडून पाहिले तर आत फार काही नसते. वीजपुरवठ्याचा ठोकळा, पट्टीवर बसवलेले जोड, सिमकार्डाचा मोडेम आणि तळहाताएवढा डेटा लॉगर. पीएच, सीओडी, प्रवाह यांचे आकडे सेन्सरकडून येतात. लॉगर प्रत्येक आकड्याला वेळ चिकटवतो आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरकडे धाडतो. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना असे ऑनलाइन मोजमाप बसवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर ही पॅनेले सर्वत्र आली. आतला लॉगर हा पुष्कळदा ३२-बिट एआरएम प्रोसेसरवर चालणारा छोटा लिनक्स संगणक असतो. स्वस्त, थंड, वर्षानुवर्षे न थकणारा.

इथे आकड्याइतकीच त्याला चिकटवलेली वेळही महत्त्वाची. तारापूरचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात सोडले जाते. त्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. मासेमारी करणाऱ्याचा प्रश्न साधा असतो: घाण पाणी कधी सुटले? ‘कधी’चे उत्तर लॉगरच्या घड्याळातून येते. तेच घड्याळ चुकले तर पीएचचा अचूक आकडाही पुराव्याच्या कामाचा राहत नाही.

युनिक्स परंपरेतले घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. चिन्हासह ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ आहे. तेवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पुरे होतात. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून ऋण होतो आणि ३२-बिट घड्याळ थेट १९०१ च्या डिसेंबरात जाऊन बसते.

२०३८ लांब वाटते, पण या पट्ट्याला लांबचे मोजायची सवय आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या आणि २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबेपर्यंत पन्नास वर्षे चालल्या. त्या अणुभट्ट्यांत २०३८ चा दोष आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. म्हणायचे आहे ते एवढेच की कारखान्यात एकदा बसवलेली वस्तू सहसा मोडेपर्यंत काढत नाहीत. आज बसवलेला लॉगर २०३८ साली त्याच भिंतीवर असणे अगदी शक्य आहे.

दोन जीबीची भिंत

वेळेआधी फाइलींचा खण अपुरा पडला. फाइलीत आपण कुठे आहोत हे सांगणारा आकडा सी भाषेत ‘ऑफ-टी’ या प्रकारात ठेवतात. ३२-बिट यंत्रावर तोही चार बाइटांचा आणि चिन्हासह होता, म्हणजे फाइल जास्तीत जास्त दोन जीबीची. १९९० च्या दशकाच्या मध्यावर डिस्का त्याहून मोठ्या झाल्या, डेटाबेस फुगले आणि युनिक्स विकणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या. त्या बैठकांना ‘लार्ज फाइल समिट’ म्हणत. १९९६ मध्ये त्यांनी ठरवलेला तोडगा आजही चालू आहे.

ऑफ-टी एकदम आठ बाइटांचा करायचा नाही. जुन्या एलसीक या फंक्शनशेजारी एलसीक६४ हे नवे ठेवायचे. नवा प्रोग्राम बांधताना ‘फाइल-ऑफसेट-बिट्स बरोबर ६४’ असे सांगितले की हेडर फाइल, म्हणजे फंक्शनांची घोषणा असलेली फाइल, गुपचूप जुन्या नावाच्या जागी नवे नाव बसवते. जुन्या पद्धतीने बांधलेल्या प्रोग्रामपुढे मोठी फाइल आलीच, तर त्याने चुकीचे उत्तर घेऊन पुढे जायचे नाही, ‘ओव्हरफ्लो’ची त्रुटी घेऊन थांबायचे. लिनक्सच्या कर्नलमध्ये याचा पुरता आधार जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत आला.

लग्नाच्या शूटिंगचे काम करणाऱ्यांना ही भिंत संगणकवाल्यांइतकीच ओळखीची होती. डीव्ही कॅमेऱ्याची कॅसेट संगणकात उतरवली की सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास भरत जाई. दोन जीबीची मर्यादा असलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांतच फाइल संपे. मंगलाष्टकांचे दोन तुकडे होत. पेन ड्राइव्हवर चार जीबीच्या वर फाइल जात नाही ही त्याहून वेगळी, फॅट३२ या फाइल व्यवस्थेची मर्यादा. पण मुळात दुखणे एकाच जातीचे, खण अरुंद.

या मर्यादेचा फटका फक्त मोठ्या फाइलींनाच बसतो, हा मात्र गैरसमज. प्रत्येक फाइलीला डिस्कवर एक क्रमांक असतो, त्याला आयनोड म्हणतात. एक्सएफएससारख्या फाइल व्यवस्थेत मोठ्या डिस्कवर हा क्रमांक ३२ बिटांच्या पलीकडे जातो. मग जुन्या पद्धतीने बांधलेला प्रोग्राम दहा बाइटांच्या फाइलीची माहिती विचारतानाही ‘ओव्हरफ्लो’ होऊन आपटतो. चालवणारा मात्र डिस्क खराब झाली म्हणून डोके धरून बसतो.

जोड कसा निखळतो

एखाद्या प्रोग्रामचा आणि लायब्ररीचा बायनरी पातळीवरचा करार लिहिलेला नसतो, तो मापांत असतो. हे नीट कळण्यासाठी एकच फंक्शन जवळून पाहू.

समजा लायब्ररीत ‘फाइलीत अमुक जागी जा’ असे फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: कोणती फाइल, किती बाइट सरकायचे आणि कुठून मोजायचे. तिसऱ्यासाठी आकडे ठरलेले आहेत. ० म्हणजे फाइलीच्या सुरुवातीपासून, १ म्हणजे आत्ताच्या जागेपासून, २ म्हणजे शेवटापासून. जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रावर प्रोग्राम या तिन्ही गोष्टी स्टॅकवर ओळीने मांडतो. चार, चार आणि चार, एकूण बारा बाइट.

आता कुणीतरी फक्त लायब्ररी मोठ्या फाइलींसाठी नव्याने बांधली. तिच्या लेखी मधला खण आठ बाइटांचा झाला आहे, म्हणून ती सोळा बाइट वाचते. प्रोग्रामने तिसऱ्या जागी ठेवलेला आकडा तिला सरकण्याच्या अंतराचा वरचा अर्धा भाग वाटतो. आणि ‘कुठून मोजायचे’ याच्या उत्तरासाठी ती त्यापुढचे चार बाइट उचलते, तिथे जे काही पडले असेल ते.

प्रोग्रामने ० दिला असेल तर वरचा भाग शून्य, म्हणजे अंतर नशिबाने बरोबर येते. पुढच्या जागीही योगायोगाने शून्य असेल तर सगळे सुरळीत चालते. चाचणीत पास, ग्राहकाकडे पास. एक दिवस कुणी २ देतो. लायब्ररीला ते अंतर आठ जीबीने वाढलेले दिसते. कधी त्रुटी येते, कधी फाइलीत भलत्याच जागी मजकूर लिहिला जातो. एआरएम यंत्रावर चूक आणखी निराळी. तिथे गोष्टी रजिस्टरांतून जातात आणि आठ बाइटांच्या आकड्याला सम क्रमांकाच्या रजिस्टरापासून जोडी लागते. त्यामुळे जुन्या प्रोग्रामने दिलेले खरे अंतर लायब्ररी वाचतच नाही. ‘कुठून’चा ०, १ किंवा २ हाच तिला अंतराचा खालचा भाग वाटतो.

रचनांचेही तसेच. फाइलीची माहिती ठेवणारी ‘स्टॅट’ ही रचना ३२-बिट इंटेलवर ८८ बाइटांची, तिची मोठ्या फाइलींची आवृत्ती ९६ बाइटांची. ज्याच्याकडे ६४-बिट उबुंटूवर ३२-बिट कंपायलरचे सामान आहे तो पाच ओळींचा सी प्रोग्राम लिहून दोन्ही आकडे स्वतः छापून पाहू शकतो. प्रोग्रामने ८८ बाइटांची जागा राखली आणि लायब्ररीने ९६ बाइट लिहिले, तर वरचे आठ बाइट शेजारच्या माहितीवर जाऊन पडतात. शेजारी काय होते यावर पुढचा घोटाळा अवलंबून.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की यातले काहीही जोडणीच्या वेळी पकडले जात नाही. सीमध्ये प्रोग्राम आणि लायब्ररी यांची गाठ फक्त फंक्शनच्या नावावर बांधली जाते. नाव जुळले की झाले, मापे कुणी विचारत नाही. सी++ मध्ये नावातच प्रकारांची खूण मिसळलेली असते. चार बाइटांच्या ‘लाँग’साठी एक अक्षर, आठ बाइटांच्या ‘लाँग लाँग’साठी दुसरे. त्यामुळे तिथे फंक्शनला थेट दिल्या जाणाऱ्या आकड्याचे माप बदलले की नाव जुळत नाही आणि प्रोग्राम सुरू होतानाच बोंब मारून थांबतो. सी मात्र निमूटपणे चालत राहते. अडचण झालेली कळते ती सी++ मध्ये. नुकसान होते ते सीमध्ये.

बाहेरचे माप

आपल्या पट्ट्यातच याला समांतर गोष्ट घडून गेली आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याच्या, आणि समृद्ध युरेनियम अमेरिकेकडून येण्याचा करार १९६३ चा. पोखरणच्या १९७४ मधल्या चाचणीनंतर आणि अमेरिकेच्या १९७८ मधल्या कायद्यानंतर तो पुरवठा आटला. १९८० च्या दशकात फ्रान्सने, पुढे चीनने आणि रशियाने युरेनियम दिले. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्यापासून इंधनकांड्यांचे जुडगे बनले. पुरवठादार देश बदलत गेले, पण गाभ्यात उतरणाऱ्या सहा बाय सहाच्या जुडग्याचे बाहेरचे माप मूळ भट्टीला जुळणारेच ठेवावे लागले. आत काय आले, कुठून आले हे बदलू शकते. जिथे दोन वस्तू एकमेकींत बसतात तिथले माप बदलून चालत नाही.

लायब्ररी लिहिणारेही रोज हेच करतात. आतला कोड पूर्ण बदला, वेगवान करा, दोष काढा; बाहेरून दिसणारी फंक्शने आणि रचना तशाच ठेवा. लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामच्या तळाशी असलेली ग्लिबसी ही सी लायब्ररी या बाबतीत फार काटेकोर. तिने जुनी आणि नवी दोन्ही फंक्शने शेजारी-शेजारी ठेवली, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्रामही तिच्यावर चालतो. या लायब्ररीला मराठी हातही लागले आहेत. पुण्यात रेड हॅटमध्ये तिच्यावर काम केलेले सिद्धेश पोयरेकर फेब्रुवारी २०१७ मधल्या २.२५ आवृत्तीचे प्रकाशन सांभाळणारे होते. फाइली दाबून ठेवणाऱ्या झेडलिबनेही जीझीसीक आणि जीझीसीक६४ अशी दोन्ही दारे ठेवली.

पण ग्लिबसीच्या डोक्यावर उभ्या असलेल्या हजारो लायब्ऱ्यांना ही चैन परवडत नाही. एकट्याने, फावल्या वेळात सांभाळलेली लायब्ररी दोन-दोन दारे कुठून ठेवणार? तिच्या हेडरमध्ये ऑफ-टी किंवा वेळ ठेवणारा टाइम-टी हा प्रकार एकदा जरी आला, तरी ‘फाइल-ऑफसेट-बिट्स’सारखा बांधणीचा झेंडा बदलला की तिचे बाहेरचे माप आपोआप बदलते. कोडची एक ओळ न बदलता. डेबियनने २००० च्या दशकातच मोठ्या फाइलींचा आधार सर्वत्र आणणे हे उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवले होते. एकेका पॅकेजाने आपापल्या सोयीने ते करायचे होते. ज्यांच्या बाहेरच्या मापाला धक्का लागणार नव्हता त्यांनी ते केले. बाकीचे तसेच राहिले.

मग घड्याळाने सगळ्यांना एका दावणीला बांधले. लिनक्स कर्नलमध्ये ३२-बिट यंत्रांसाठी ६४-बिट वेळ २०१९ च्या ५.१ आवृत्तीत आली. आर्न्ड बर्गमन आणि सहकाऱ्यांचे ते अनेक वर्षांचे काम. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लिबसी २.३४ ने प्रोग्रामांना ती निवडण्याची सोय दिली, पण एका अटीवर. ६४-बिट वेळ हवी असेल तर ६४-बिट फाइल-अंतरही घ्यावेच लागेल, नाहीतर बांधणी त्रुटी देऊन थांबेल. म्हणजे २०३८ सोडवायचे तर १९९६ चे रेंगाळलेले कामही त्याच झटक्यात संपवणे आले.

तपासणी

या कामाची धुरा उचलली ती स्टीव्ह लँगासेक यांनी. डेबियनचे जुने प्रकाशन व्यवस्थापक आणि पुढे उबुंटूचे महत्त्वाचे अभियंते. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न: डेबियनमधल्या हजारो लायब्ऱ्यांपैकी कोणाकोणाचे बाहेरचे माप बदलणार?

हे वाचून ठरवणे अशक्य. एका हेडरमध्ये दुसरे, दुसऱ्यात तिसरे. टाइम-टी कुठे चौथ्या पायरीवर दडलेले असते. म्हणून आंद्रेई पोनोमारेंको यांचे ‘एबीआय कम्प्लायन्स चेकर’ हे साधन कामाला लावले. पद्धत अशी. प्रत्येक लायब्ररीच्या विकासकांसाठीच्या पॅकेजातली हेडरे घ्यायची. ती एकदा जुन्या पद्धतीने, एकदा मोठ्या फाइलींचा झेंडा लावून आणि एकदा त्यासोबत ६४-बिट वेळेचाही झेंडा लावून कंपाइल करायची. दर वेळी प्रत्येक फंक्शनची आणि रचनेची मापे टिपायची. मग तिन्ही टिपणे एकमेकांशी ताडून पाहायची. फरक नाही तर लायब्ररी सुटली. फरक आहे तर ती यादीत.

कागदावर सोपे, प्रत्यक्षात चिकट. कित्येक हेडरे एकटी कंपाइलच होत नाहीत. त्यांच्याआधी दुसरे हेडर यावे लागते आणि ते कोणते हे फक्त मूळ लेखकाला ठाऊक. काही पॅकेजांत दोन हेडरे अशी की एकत्र आली की भांडतात. कुणी एक अवलंबन जाहीर करायला विसरलेले. कुठे सी++ चे हेडर सीच्या नावाने ठेवलेले. अशा प्रत्येक ठिकाणी माणसाने हात घालून साधनाला वाट दाखवायची. आणि एवढे करूनही जे कंपाइल झाले नाही त्याचे काय? नियम ठरला: शाबीत करता आले नाही तर बदलले असेच धरायचे. उगाच नाव बदलले तर थोडा त्रास होतो, आणि नाव बदलायचे राहिले तर माहिती बिघडते. त्रास परवडला.

या साधनाच्या मर्यादाही ओळखून असायला हव्या. ते मापे पाहते, अर्थ पाहत नाही. लायब्ररीने रचना झाकून ठेवली आणि प्रोग्रामला फक्त तिचा पत्ता दिला, तर आत काहीही बदलले तरी करार शाबूत. हे साधनाला कळते. पण कुणी आठ बाइटांची वेळ चार बाइटांच्या साध्या पूर्णांकात कोंबली, ती चार बाइटांच्या खणात डिस्कवर लिहिली, की हेडरला त्याचा पत्ताच नसतो. एकच फाइल दोन वेगळ्या बांधणीच्या प्रोग्रामांनी वाचली तर काय, याचे उत्तर हेडरांच्या तपासणीत मिळत नाही.

एक सापळा तर बारीक होता. जुन्या सी कोडमध्ये हेडर न जोडता फंक्शन वापरले तरी कंपायलर कुरकुर करून पुढे जाई. आता नव्या नावाची अदलाबदल हेडरच करते. हेडर जोडलेच नाही तर अदलाबदल होत नाही आणि प्रोग्राम गुपचूप जुन्या ३२-बिट फंक्शनला जाऊन भिडतो. म्हणून डेबियनने ६४-बिट वेळेच्या झेंड्यासोबत, न सांगता वापरलेले फंक्शन ही सूचना न ठेवता त्रुटी ठरवली. त्यामुळे कित्येक जुनी पॅकेजे बांधली जाईनात. तिथल्या तिथे दुरुस्त झाली, हे बरेच झाले.

मोडायचे तर सांगून

यादी तयार झाली. आता करार मोडायचा कसा? ओपनबीएसडी या प्रणालीने २०१४ च्या ५.५ आवृत्तीत सगळी प्रणाली एका घावात ६४-बिट वेळेवर नेली. तिथे सगळेच नव्याने बांधायची रीत असल्याने ते जमले. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाने २०२२ मधल्या ३७ व्या आवृत्तीपासून ३२-बिट एआरएमच सोडून दिले. डेबियनला जुनी यंत्रे सोडायची नव्हती आणि चालू संगणक जागच्या जागी पुढे न्यायचे होते.

म्हणून शेपूट. लायब्ररीच्या फाइलीचे नाव मूळ लेखकाचे, ते बदलायचा डेबियनला अधिकार नाही. पॅकेजाचे नाव डेबियनचे. ते बदलले आणि जुन्या-नव्या पॅकेजांना एकत्र बसण्यास मनाई केली. जुन्या मापाचा प्रोग्राम जुने नाव मागतो. ते नाव आता नव्या लायब्ररीशी जुळत नाही. म्हणून पॅकेज व्यवस्थापक तिथेच नकार देतो. सीच्या जोडणीत नसलेली बोंब अशी वरच्या मजल्यावर बसवली. चुकीची जोडी चालू होऊन माहिती नासण्याऐवजी ती बसतच नाही. ६४-बिट यंत्रांवर माप बदललेले नसल्याने तिथे नवे पॅकेज ‘मी जुन्या नावालाही ओ देतो’ असे जाहीर करते. त्यामुळे बाहेरून आणलेली जुनी पॅकेजेही तिथे चालत राहिली.

३२-बिट इंटेल, म्हणजे आय३८६, यातून मुद्दाम वगळले. कारण साधे: तो प्रकार आज टिकून आहे तो बहुतेक जुन्या, पुन्हा बांधता न येणाऱ्या बायनऱ्या चालवण्यासाठीच. मूळ कोड नसलेले कारखान्यातले जुने सॉफ्टवेअर, जुने खेळ. तिथे करार मोडला तर तो प्रकार ठेवण्यात अर्थच उरत नाही. म्हणजे एका यंत्रासाठी करार मोडणे शहाणपणाचे, दुसऱ्यासाठी पाळणे. लाभधारक कोण हे पाहूनच ठरवायचे.

मार्च २०२४ मध्ये सगळी अनस्टेबल शाखा अर्धी जुनी, अर्धी नवी अशी लटकलेली असताना, महिनाअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या लायब्ररीत दडवलेले मागचे दार उघडकीला आणले. काय नव्याने बांधायचे, कशावर विश्वास ठेवायचा याची पुन्हा मोजदाद आली, उबुंटू २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे गेली. तरी काम पार पडले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३, ‘ट्रिक्सी’, बाहेर आले. ते पाहायला लँगासेक नव्हते. १ जानेवारी २०२५ ला त्यांचे निधन झाले होते.

नावे बदलून सगळेच सुटले असे नाही. कोण कधी लॉगिन झाले याची जुनी नोंदफाइल ६४-बिट इंटेलवरही चार बाइटांचीच वेळ ठेवत होती, कारण ३२-बिट प्रोग्रामांनाही तीच फाइल वाचता यावी. म्हणून डेबियनने ती नोंद नव्या साधनांकडे सोपवली. जुना करार अशा अनपेक्षित कोपऱ्यांत उरलेला असतो.

बोईसरला याचे काय

डेबियनवर बेतलेल्या प्रणाली आपल्याकडे सरकारी पातळीवरही आहेत. सी-डॅकची बॉस त्यांपैकी एक. कार्यालयातल्या ६४-बिट संगणकांची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी त्या राखाडी पॅनेलांची. डेबियनमध्ये सगळा मूळ कोड हाताशी होता, तपासणारे होते, नव्याने बांधणारी यंत्रणा होती. पॅनेलमधला लॉगर, दुकानातला सीसीटीव्ही रेकॉर्डर, पंपाच्या खोलीतला नियंत्रक यांच्याकडे यातले काहीच नाही. आतली लायब्ररी कोणत्या सालची हे विक्रेत्याला विचारावे तर तो आयातदाराकडे बोट दाखवतो. एएमसीवाला येतो, घड्याळ इंटरनेटशी जुळवून देतो, पावती देतो आणि जातो. घड्याळ आज बरोबर दाखवते, यावरून खण रुंद आहे की अरुंद हे कळत नाही.

जाणून घ्यायचे तर प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारायला हवेत, आणि ते अवघड नाहीत. प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४? ३२-बिट असेल तर कर्नल ५.१ किंवा पुढचा आहे का, आणि सी लायब्ररी ६४-बिट वेळेने बांधली आहे का? मसल ही छोट्या उपकरणांची आवडती सी लायब्ररी असेल तर ती २०२० मधल्या १.२ आवृत्तीपासून ६४-बिट वेळ वापरते. त्याआधीची असेल तर नाही. नोंदींची फाइल दोन जीबी ओलांडते तेव्हा उपकरण काय करते: नवी फाइल सुरू करते, थांबते की गप्प बसते? नव्याने बांधण्याची वेळ आली तर मूळ कोड कोणाकडे आहे आणि ते काम कोण करणार?

आणि एक चाचणी कुठलाही इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस करू शकतो. चालू लॉगरवर नव्हे, नाहीतर मंडळाच्या सर्व्हरवर भविष्यातले आकडे जाऊन नवाच घोळ होईल. कपाटातला सुटा लॉगर घ्यावा, नेटवर्कची वायर काढावी, तारीख १९ जानेवारी २०३८ सकाळी ८.४० ला लावावी आणि दहा मिनिटे नोंदी बघाव्यात. ८.४५ ची नोंद ८.४५ चीच दिसली तर निदान पहिली पायरी पार पडली. ती दिसली नाही, किंवा नोंदच झाली नाही, तर तसे लेखी कळवून विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे.

लँगासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. करार बदलणे हा गुन्हा नाही, कधीकधी तो बदलावाच लागतो. पण समोरच्याला न कळता बदलणे हा गुन्हा आहे, आणि काय बदलले हे न तपासता ‘काही बदललेले नाही’ म्हणणे हा त्याहून मोठा. डेबियनने शेकडो नावे बदलण्याची कटकट स्वीकारली, कारण त्यांना उघड नकार हवा होता, गुपचूप बिघाड नको होता. एमआयडीसीतल्या प्रत्येक खरेदी ऑर्डरवर एक ओळ वाढवली तर हाच आग्रह आपल्यालाही धरता येईल: ‘हे उपकरण २०३८ नंतरची वेळ आणि दोन जीबीपेक्षा मोठी फाइल हाताळते, असे पुरवठादार चाचणीच्या अहवालासह प्रमाणित करतो.’ जो पुरवठादार ही ओळ सहीसकट मान्य करेल त्याचा माल घ्यावा. जो टाळेल त्याने आपले उत्तर दिलेले असते.